नियोजित कॉलेजचं ग्रंथालय

आम्ही चार जुनी माणसं एकत्र बसलो की ग्रंथालयाचा विषय निघतोच, आणि निघाला की चहा दोनदा होतो. किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटामागे धूळ साठते तसे ते साठतात आणि कपाट हलवल्यावर कळतं, बाप रे, केवढे झालेत! आज कपाट मीच हलवते. बाकीच्यांना सांगता सांगता हसू फुटतं आणि शेवट राहून जातो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. ठाण्यात कॉलेज नव्हतं. नौपाड्यातल्या काही मंडळींनी मनावर घेतलं की आपल्या गावाला कॉलेज हवंच. जागा नव्हती, परवानगी नव्हती, प्राध्यापक तर नव्हतेच. मग जे जमण्यासारखं होतं ते त्यांनी आधी उरकलं. कॉलेजचं ग्रंथालय काढलं. भाड्याच्या दोन खोल्या, सहा कपाटं आणि बाहेर पाटी, ‘नियोजित महाविद्यालयाचे ग्रंथालय’. त्यातला ‘नियोजित’ पेंटरने शेवटी आठवण झाल्यावर कोपऱ्यात कोंबला होता, तो कोणाच्या नजरेस पडत नसे.

अध्यक्ष होते अण्णासाहेब कर्णिक, वकील. मी इंटर पास झालेली मदतनीस. आणि ग्रंथपाल बर्वे. बर्वे म्हणजे जन्मभर कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर क्लार्क, रिटायर होऊन इथे आलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. ग्रंथालय उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसून राहायचे. ती खुर्ची हेच त्यांचं घर झालं होतं. अण्णासाहेबांचा पुतण्या श्रीधर मुंबईला ग्रंथालयाचं रीतसर शिक्षण घेऊन आला होता आणि त्याच खुर्चीकडे डोळे लावून होता. हे बर्व्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि श्रीधर दर शनिवारी येऊन खुर्चीची उंची बघून जायचा.

* * *

पाटीचा पहिला बळी बाळकुमचे एक गृहस्थ. मुलाला घेऊन, दोघेही धुतलेल्या कपड्यांत, दारात उभे.

“साहेब, पोराला कालेजात घालाचंय.”

बर्व्यांना कोणाला नाही म्हणणं जमत नसे. ते म्हणाले, “कॉलेज यायचंय अजून. पण पुस्तकं आलीत. तोवर त्याला वाचायला लागू दे.”

“हजेरी घेता का?”

“घेतो,” बर्वे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच घ्यायला लागले. वर्गात एकच विद्यार्थी. बर्वे त्याचं नाव मोठ्याने पुकारायचे आणि तो समोरच्या बाकावरून ‘हजर’ म्हणायचा. अशी दोन वर्षं गेली. मग वडील पुन्हा आले. “आता याला पास करा.”

आली का पंचाईत! बर्व्यांनी बराच विचार केला आणि ग्रंथालयाच्या शिक्क्याचं एक प्रशस्तिपत्र दिलं. त्यात एकच वाक्य होतं. ‘यांनी नेलेली सर्व पुस्तके वेळेवर व सुस्थितीत परत केली आहेत.’

त्या कागदावर मुलाला मुंबईत चांगली नोकरी लागली. साहेब म्हणाला म्हणे, असा माणूस मी आजवर पाहिला नाही.

* * *

पुस्तकं निवडायला समिती होती. अण्णासाहेब, दवाखानावाले डॉक्टर सबनीस आणि निवृत्त हेडमास्तर आपटे. अण्णासाहेबांनी पहिल्याच बैठकीत कडक नियम केला. समितीतल्या तिघांनीही अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय एकही पुस्तक विकत घ्यायचं नाही. कॉलेजचं ग्रंथालय आहे, टाइमपास नाही.

पुस्तकवाला पसंतीसाठी गठ्ठा पाठवायचा. आधी अण्णासाहेब वाचायचे. ते जेवताना वाचत, त्यामुळे तर्कशास्त्राला आमटीचा वास लागे. मग डॉक्टर दवाखान्यात वाचायचे, तिथे त्यावर खोकल्याचं औषध सांडे. शेवटी आपटे मास्तर. त्यांच्या हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय डोळ्यांना अक्षर दिसत नसे. ते लेखकाच्या चुका काढत आणि शेवटच्या पानावर मार्क देत.

आवडलेलं पुस्तक विकत घ्यायचं, नावडलेलं परत करायचं असं ठरलेलं. पण हे असं पुस्तक पुस्तकवाला परत कसं घेईल? तो दारात उभा राहून म्हणायचा, “मास्तर, याला तुम्ही नापास केलंय. आता हे मी कोणाला विकू?” मग भरपाई म्हणून तेच विकत घ्यावं लागे. वर्षाची सगळी रक्कम त्यातच संपायची, आणि पसंत पडलेली पुस्तकं घ्यायचा ठराव पुढच्या वर्षावर जायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

अशा रीतीने चार वर्षांत आमच्याकडे समितीने एकमताने नाकारलेल्या पुस्तकांचा उत्तम संग्रह झाला. तेवढ्या काळजीने निवडलेली पुस्तकं तुम्हाला दुसरीकडे मिळायची नाहीत.

* * *

आता ती लावायची कशी? श्रीधर विषय, उपविषय, आकडे, दशांशचिन्ह असं काहीतरी सांगायचा. बर्वे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मालधक्क्यावर जसं लावत तसंच लावायचे. त्यांचे विभाग तीन. जड, नाजूक आणि नाशवंत. प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर वर कोपऱ्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात तो शब्द असे.

जड माल म्हणजे कायदा, अर्थशास्त्र, कोश. तो खालच्या फळीवर. वर्षभर घरी ठेवा, काही होत नाही. नाजूक म्हणजे कविता. वरची फळी, महिनाभर मुदत, पिशवीशिवाय न्यायचं नाही. आणि नाशवंत म्हणजे कादंबऱ्या, राजकारण आणि विज्ञान. हा माल पडून राहिला की खराब होतो, म्हणून आठवड्यात परत.

“बर्वे, विज्ञान नाशवंत?” अण्णासाहेब कडाडले.

“अहो, रोज काहीतरी नवीन निघतं म्हणे. आज आणलेलं उद्या शिळं.”

अण्णासाहेबांनी खालच्या फळीकडे बोट केलं. मग म्हणाले, “आणि कायदा जड?”

“तुमच्या घरचाच अनुभव घ्या की. कायद्याची पुस्तकं वर्षानुवर्षं तिथेच आहेत, काही झालंय त्यांना?”

श्रीधरने तो शनिवार नुसता खिडकीतून बाहेर बघत काढला.

* * *

देणग्यांचं वेगळंच. नौपाड्यात कोणी शिकलेला माणूस गेला की तेरावा झाल्यावर घरचे लोक पुस्तकं घेऊन आमच्याकडे येत. बर्वे काहीही नाकारत नसत. एकदा कराचीहून ठाण्याला येऊन राहिलेले एक गुरांचे डॉक्टर वारले. त्यांच्या बहिणीने टांग्यातून पुस्तकं पाठवली. त्यात एक इंग्रजी ग्रंथ होता, उशीएवढा जाड, चित्रांसकट. विषय, उंटाचे आजार आणि त्यांवरचे उपाय.

मी म्हटलं, “बर्वेकाका, हे कशाला ठेवायचं? ठाण्यात उंट कुठे आहेत?”

“अगं कुमुद, कॉलेज तरी कुठे आहे?” बर्वे म्हणाले, आणि कार्डावर ‘जड’ लिहून ग्रंथ खालच्या फळीवर ठेवला.

* * *

सहाही कपाटं भरली तेव्हा अण्णासाहेबांनी बैठक बोलावली. श्रीधरही आला होता. ठराव असा की जे पुस्तक आजवर एकाही सभासदाने नेलेलं नाही ते काढून रद्दीत घालायचं.

“बर्वे, तुम्ही माल भरता,” अण्णासाहेब म्हणाले. “निवडीला शिकलेला माणूस लागतो.”

बर्वे उभे राहिले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. “अण्णासाहेब, माझ्या धक्क्यावर बेवारस माल कधी राहिला नाही. माल आला म्हणजे त्याचा घेणारा कुठेतरी असतोच, त्याला यायला वेळ लागतो इतकंच. दिवाळीपर्यंत मुदत द्या. एक जरी पुस्तक घेणाऱ्याविना उरलं, तर ही खुर्ची श्रीधरची.”

“सभासद खरा हवा. नाव, पत्ता, सही,” अण्णासाहेब म्हणाले. “आणि तुम्ही दोघं सोडून.”

मी कार्डं चाळून पाहिली. न नेलेली पुस्तकं अर्ध्याहून जास्त होती.

* * *

बर्वे पुस्तकांना घेणारे शोधत गावभर फिरू लागले. दाढी करायला गेले की न्हाव्याच्या गळ्यात ध्रुवप्रदेशावरचं पुस्तक. हे म्हणे उन्हाळ्यात उपयोगी पडेल. डॉक्टर सबनिसांच्या पेशंटांना औषधाच्या बाटलीबरोबर तर्कशास्त्र जाऊ लागलं. खोकल्याच्या औषधाचा डाग आधीच असल्यामुळे कोणाला वेगळं काही वाटलं नाही.

माझ्या आईच्या वाट्याला लोखंडाचं धातुशास्त्र आलं. ती आधी रागावली, मग चष्मा लावून बसली, आणि मग काय, थांबेचना. त्याच आठवड्यात मला बघायला डोंबिवलीहून मंडळी आली. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर आई मुलाच्या वडिलांना विचारत होती, “तुमच्याकडे तवा बिडाचा आहे की पोलादाचा?” माझ्याकडे बघायला कोणाला सवडच नव्हती. वडील निघाले एका ओतशाळेतले हिशेबनीस. दोघांचं भट्टी आणि कर्ब यांवर दिवेलागणीपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण तिच्या आईशी अजून थोडं बोलायचं आहे.

लग्न झालं. आमच्याकडे तवा बिडाचा आहे.

* * *

वसुबारसेच्या दिवशी सगळी पुस्तकं कोणी ना कोणी नेऊन झाली होती. एक उंटाचा ग्रंथ सोडून. बर्व्यांनी तो टांगेवाल्याला देऊन पाहिला, गवळ्याला देऊन पाहिला. दोघांनीही चित्रं बघून परत केला. “बर्वेसाहेब, उगाच घोड्याला दाखवलं तर बिथरेल,” टांगेवाला म्हणाला.

धनत्रयोदशीला अण्णासाहेब हिशेब बघायला येणार होते. मी सकाळी पोचले तर बर्व्यांनी खुर्ची पुसून ठेवली होती आणि स्वतः बाकावर बसले होते. मला रडूच आलं. श्रीधर आला, तो मुकाट्याने खुर्चीत बसला आणि मग उठून तिच्यावर उशी ठेवून पुन्हा बसला.

तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. बर्वे आणि मी दारात गेलो. घोडबंदरकडून मुलांना पाठीवर फिरवायला आणलेला एक उंट बरोबर आमच्या दारासमोर बसला होता आणि काही केल्या उठत नव्हता. पुढे टांगे अडलेले, मागे बैलगाड्या, मध्ये अण्णासाहेब कोर्टाच्या कोटात, आत यायला वाट शोधताहेत.

उंटवाला हात जोडून सगळ्यांना सांगत होता, “साहब, कल से कुछ खाता नहीं. चारा डालो तो मुँह फेर लेता है.”

बर्वे वयाला न शोभेल अशा वेगाने आत गेले आणि ग्रंथ घेऊन बाहेर आले. “कुमुद, सभासदाचा फॉर्म आण!”

“थांबा,” अण्णासाहेब उंटाच्या पलीकडून म्हणाले. “पत्ता? या माणसाला ठाण्यात पत्ता आहे का?”

बर्व्यांनी उंटवाल्याला विचारलं, कुठे राहतोस? उंटवाल्याने उंटाकडे बोट दाखवलं. जिथे हा बसेल तिथे.

“लिही,” बर्वे मला म्हणाले. “ग्रंथालयासमोर, नौपाडा, ठाणे.”

अण्णासाहेबांनी बसलेल्या उंटाकडे पाहिलं आणि मान डोलावली. वकील माणूस, वास्तव्य तर डोळ्यांसमोर होतं. उंटवाल्याने अंगठा उठवला. बर्व्यांनी शिक्का मारला आणि तो उशीएवढा ग्रंथ दोन्ही हातांनी त्याच्या हवाली केला.

त्याने तो कपाळाला लावला, मांडीवर घेतला आणि उंटाशेजारी बसून चित्रं बघू लागला. उंटही मान लांब करून बघू लागला. मग त्याने पहिलं प्रकरण खाल्लं.

कोणाला काही सुचायच्या आत दुसरं खाल्लं. उंटवाला ग्रंथ ओढायला लागला, पण चौथ्या प्रकरणापर्यंत जनावराच्या डोळ्यांत अशी काही टवटवी आली की त्याने हात सोडला. सूची खाऊन झाल्यावर उंट गुरगुरला, आधी मागून उठला, मग पुढून उठला आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागला. उंटवाला बर्व्यांच्या पाया पडून त्याच्या मागे धावला. जाताना पुठ्ठाही घेऊन गेला, संध्याकाळसाठी.

रस्ता मोकळा झाला. अण्णासाहेब आत आले, श्रीधरला हाताने उठवलं आणि पाणी मागितलं.

“घेणारा मिळाला हे मला मान्य करावं लागेल,” ते पाणी पिऊन म्हणाले. “पण बर्वे, पुस्तकाचं काय?”

बर्व्यांनी कार्ड काढलं. दौत जवळ ओढली. कोपऱ्यातला ‘जड’ हा शब्द नीट एका रेघेने खोडला, त्याच्यावर टपोऱ्या अक्षरात ‘नाशवंत’ असं लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि श्रीधरची उशी बाजूला ठेवून आपल्या खुर्चीत बसले.