आप्पांच्या सेटाची शिट्टी

आधीच सांगून ठेवतो, मधेच हसायचं न्हाई. हसलात तर चहाचा कप तिथंच ठेवून निघून जाईन. आजवर हा किस्सा सांगताना माझं टाळकं सरकलं न्हाई असं झालेलं न्हाई. आणि ज्याच्यावर सरकायचं तो माणूस कोण, ते शेवटी कळंल तुम्हाला.

निजामाचं राज्य होतं, दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मी धाराशिवच्या शाळेत गणित शिकवायचो, ते बी उर्दूतनं. पोरांना गणित येत न्हाई म्हणून रागवायचो, आणि मला उर्दू नीट येत न्हाई म्हणून पोरं हसली की आणखी रागवायचो. अशा माणसाला रेडिओचा नाद लागला!

सोलापूरच्या जुन्या बाजारातनं एक इंग्रजी मासिक हाती लागलं. त्यात काय लिहिलेलं? म्हणं विलायतेत हौशी लोक घरी यंत्र करतात आणि समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलतात. झालं! मी ठरवलं, लढाई संपली, परवानगी मिळाली, की धाराशिवातनं पहिला मीच बोलणार. तोवर काय करायचं? तोवर रेडिओवरच्या बातम्या पकडून त्यांचा आवाज मोठा करायचं यंत्र करायचं. काचेच्या दिव्यांचं, व्हॉल्वचं.

रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला. बांबूच्या नळीवर तार गुंडाळली. तारा जोडायला डाग द्यायची लोखंडी सळई चुलीत तापवायचो. बायको म्हणायची, "अहो, भाकरी थापू का तुमची सळई भाजू?" फुटक्या ग्रामोफोनचा भोंगा वर बसवला. माळवदावर लांबलचक तार ताणली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. गावात वीज न्हाई. सगळं बॅटरीवर. बॅटरी उतरली की ती भरून आणायला मोटारीनं येडशी, येडशीहून रेल्वेनं बार्शी. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. म्हणजे येता-जाता करोडगिरीचा, जकातीचा नाका! नाक्यावरचा माणूस दरवेळी विचारणार, "मास्टर, इसमें क्या है?" दरवेळी मी चिडणार. म्हणून मी बॅटरी जिवापाड जपायचो. क्षणभर जागचा हललो तरी आधी यंत्र बंद. घरात कुणी आलं, बंद. तहान लागली, बंद.

यंत्र पुरं झालं आणि त्याच आठवड्यात शेजारच्या आप्पांनी विकतचा रेडिओ सेट आणला. आप्पा म्हणजे तेलाचे व्यापारी, वीरशैव, गळ्यात लिंग, तोंडात कधी वाकडा शब्द न्हाई. त्यांचा थोरला पोरगा पलटणीत, तिकडं इराकात बसऱ्याकडं. पत्र महिनोन्महिने यायचं न्हाई. संध्याकाळी बातम्यांत बसऱ्याचं नाव निघतं का, एवढ्यासाठीच त्यांनी सेट घेतला होता.

पहिल्याच संध्याकाळी मी यंत्र लावलं, बातम्या जुळवल्या, आवाज वाढवायचं बटण फिरवलं. "क्यांऽऽऽव!" कानाचे पडदे फाटतील अशी शिट्टी. बातम्या कुठल्या कुठं गेल्या!

मी मासिक उघडलं. त्यात लिहिलेलं, शेजारी कुणी अडाणीपणानं सेट चालवला की असली शिट्टी येते.

शेजारी कोण? आप्पा! तळपायाची आग मस्तकाला गेली. यंत्र बंद केलं, अर्थात, बॅटरी वाचवायला, आणि तरातरा त्यांच्या घरी गेलो. बघतो तर काय, सेट कसा गोड चालू! बातम्या खणखणीत.

"आप्पा, शिट्टी कोण वाजवत होतं?"

"व्हय मास्तर, आमाला बी ऐकू आली की. आत्ताच थांबली बगा. तुमी पायरीवर आलाव आन् थांबली."

मी पायरीवर आलो आणि थांबली! अरे वा! म्हणजे मला बघून बंद केली. हे रोजचं झालं, हो. मी यंत्र लावायचं, शिट्टी व्हायची, मी बंद करून धावायचं, तिथं सगळं साळसूद. एकदा आप्पाच माझ्याकडं आले. मी यंत्र बंद करून दार उघडलं.

"मास्तर, तुमी जाणकार. आमच्या सेटात काय बिघाड हाय का वो? बसऱ्याचं नाव आलं की नेमकं कावकाव करतंय."

"बिघाड सेटात न्हाई, माणसात आहे!" मी दार लावून घेतलं.

चिडलो म्हणजे इतका चिडलो, की थेट अमीनसाहेबांच्या कचेरीत गेलो. अमीन म्हणजे तेव्हाचे फौजदार. बिनपरवान्याचं, हवेतनं आवाज फेकायचं यंत्र म्हणजे लढाईच्या दिवसांत तुरुंगच. मी सांगितलं, "साहेब, आमचा शेजारी गुपचूप आवाज फेकतो. त्याचा सेट जप्त करा." आता काय म्हणायचं मला? त्या वेळी मला तो देशसेवेचाच प्रकार वाटला.

त्याच संध्याकाळी अमीनसाहेब दोन शिपाई घेऊन आले. गल्ली गोळा झाली. आप्पा दारात हात जोडून उभे. "साहेब, काय बी न्या. सेट तेवढा ऱ्हाऊ द्या. पोरगं बसऱ्याला हाय. त्याच्या तिकडचं काय कळायचं ते ह्याच्यातनंच कळतंय."

मला दया यायला पाहिजे होती का न्हाई? आली न्हाई! मी म्हणालो, "नाटक आहे, साहेब."

अमीनसाहेबांनी आप्पांचा सेट लावायला लावला. बातम्या स्वच्छ. "क्या मास्टर? आवाज किधर है?"

"तुम्हाला बघून गप्प बसलाय तो! थांबा, माझ्या यंत्रावर दाखवतो."

पळत घरी आलो, यंत्र लावलं, बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. "क्यांऽऽऽव!" आणि भिंतीपलीकडं आप्पांच्या सेटातनं बी "क्यांऽऽऽव!"

मी खिडकीतनं ओरडलो, "पकडा! पकडा त्यांना!"

"मास्टर, बंद करो," पलीकडनं अमीनसाहेबांचा आवाज. मी बंद केलं. तिकडं बातम्या सुरू.

"चालू करो." क्यांऽऽऽव!

"बंद." बातम्या.

"चालू." क्यांऽऽऽव!

"बघा साहेब!" मी आनंदानं नाचायचाच बाकी होतो. "मी चालू केलं की हा माणूस नेमका त्याच वेळेला वाजवतो! इतका पोचलेला आहे!"

गल्लीत कुणीतरी खिदळलं. अमीनसाहेब म्हणाले, "मास्टर, आप्पा हात बांधून माझ्या बाजूला उभे आहेत." मग त्यांनी आप्पांच्या सेटाची बॅटरीच काढायला लावली. पलीकडं सगळं गप्प. माझा भोंगा? क्यांऽऽऽव!

"मग दुसरा सेट लपवून ठेवलाय! घराची झडती घ्या!"

तेव्हा बायको चुलीपासनं उठली, पदरानं हात पुसले आणि माझ्या बॅटरीची तार उपसली. शिट्टी तिथंच थांबली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "घ्या झडती."

काय सांगू! एवढं गणित शिकवणारा माणूस मी, आणि एवढं साधं गणित कळलं न्हाई. माझंच यंत्र बटण वाढवलं की स्वतः शिट्टी घालत होतं, आणि माळवदावरच्या तारेतनं साऱ्या गल्लीत फेकत होतं. मी बॅटरी वाचवायला बंद करून निघालो की थांबत होतं. आणि बिनपरवान्याचं, आवाज फेकणारं यंत्र कुणाकडं सापडलं? तक्रारदाराकडं!

शिपायांनी माझा हात धरला तसे आप्पा मधे आले. "साहेब, मास्तर रागीट हायती, पर माणूस वाईट न्हाई. त्येनला नगा नेऊ. यंत्र न्या." अमीनसाहेबांनी ऐकलं. व्हॉल्व, भोंगा, पत्रा, बॅटरी, सगळं शिपायाच्या डोक्यावर गेलं. आणि मला राग आला, हो! त्याही वेळेला राग आला! पण काढायचा कुणावर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंड पाडून घरात बसलो होतो. तेवढ्यात भिंतीतनं बातम्या ऐकू यायला लागल्या. शब्द न् शब्द. आप्पांनी सेट उचलून आमच्या भिंतीला लावला होता. बसऱ्याचं नाव आलं, तिकडं सगळं ठीक असल्याचं आलं, आणि पलीकडं आप्पांनी "शिवशिव" म्हणून सोडलेला सुस्कारासुद्धा ऐकू आला.

मग त्यांनी भिंतीवर थाप मारली. "मास्तर, ऐकू येतंय न्हवं? का आवाज वाढवू?"

मी तोंड उघडायच्या आत बायको ओरडली, "नगा वो आप्पा! आवाज वाढवायच्या नादातच आमचं यंत्र कचेरीत गेलंय. आता ह्यांचा तेवढा कमी करायचा राहिलाय!"