पंगतीतली मांजरं

आमच्या सौंसरच्या घरात एक नियम आहे, पंगतीत दुजाभाव नाही. जे एकाच्या ताटात, तेच सगळ्यांच्या. सासूबाई होत्या तोवर तूपसुद्धा एकाच पळीनं, एकाच मापानं पडायचं. जावई असो की संत्र्याच्या बगिच्यातला रखवालदार, पोळी सारखी, वरण सारखं. लग्न होऊन आले तेव्हा मला या नियमाचं भारी कौतुक वाटलं होतं. तो आपल्या मांजरांनाही लागू होईल हे कुठं माहीत होतं!

मांजरं तीन. म्हातारी चौदा वर्षांची, सासूबाईंनी ओच्यात घालून आणलेली. बोका तिचाच लेक, भर जवानीतला, दिवसभर पसरलेला. आणि पिल्लू, जे गेल्या हंगामात बगिच्यातून आलेल्या रिकाम्या क्रेटमध्ये झोपलेलं सापडलं. सकाळी साडेनऊला आमची पंगत बसते, कारण मला शाळा असते आणि ह्यांना पांढुर्ण्याची बस. मामाजी, म्हणजे माझे सासरे, भिंतीकडच्या पाटावर. त्यांच्या बाजूला तिघंही ओळीनं. तीन स्टीलच्या वाट्या, तिन्हींत दुधात कुस्करलेली पोळी, अगदी मोजून सारखी. मामाजी वाकून पाहायचे, कोणाच्या वाटीत कमी तर नाही.

इतका न्याय करूनही तिघांचं तीन तऱ्हेचं झालं. पिल्लाचं पोट रोज बिघडायचं आणि मी शाळेत जायच्या घाईत फडकं घेऊन फिरायची. बोका असा फुगला की खिडकीवर चढताना मागचा अर्धा खालीच राहायचा. आणि म्हातारी वाळत चालली. वाटीला नाक लावायची, दोनदा जीभ फिरवायची, बाजूला व्हायची. पाठीवरून हात फिरवला की हाडं लागायची.

मामाजींचा जीव तिच्यात. सासूबाई गेल्यापासून ती त्यांच्याच खाटेवर, पायथ्याशी. एक दिवस ते म्हणाले, "हे गेली तं माह्याशी बोलाले कोण राहीन बाई?" मला रागच आला. मी काय भिंत आहे? रोज दोन टाइम गरम पोळी घालते, बीपीच्या गोळ्या हातात देते, आणि बोलायला मांजर! पण ते थट्टेत बोलत नव्हते. त्यांचे डोळे पाहून मी तिघांनाही डॉक्टरला दाखवायचं ठरवलं.

रविवारी तिघांची वरात निघाली ढोरांच्या डॉक्टरकडे. म्हातारी टोपलीत, पिल्लू माझ्या ओढणीत, बोका पिशवीत चेन लावून, फक्त मुंडकं बाहेर. स्कूटीवर मागे मामाजी. चौकात जो तो विचारे, "कुठं चालले काका, बाजाराले?" मामाजी सगळ्यांना गंभीरपणे सांगत होते, "दवाखान्यात."

डॉक्टरांनी म्हातारीचं तोंड उघडून टॉर्च मारला. "मॅडम, हिला दाढाच नाहीत. ही काय चावणार?" मग मला त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं झापलं. तिघांना एकच खाणं? पिल्लाला थोडं थोडं, दिवसातून चारदा, आणि गाईचं दूध बंद, तेच पोट बिघडवतं. बोक्याला दोन वेळा, मोजून, वरून एक घास नाही. म्हातारीला मऊ, कोमट, चेचून, जरा जरा करून. आणि तिघांनाही अंडं, उकडलेलं चिकन, नाहीतर त्यांच्या त्यांच्या वयाचं पाकिटातलं खाणं. "मांजर आहे हो, पोळीवर कसं जगणार?" जाता जाता बोक्याला उचलून म्हणाले, "याला चोरून कोण चारून राहिलं?"

"मी नाही," मी म्हटलं. मामाजी छताचा पंखा पाहत होते.

खरी लढाई घरी. आमच्या घरात अंड्याचं टरफल कधी शिरलं नाही. मामाजी दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणारे. अंड्याचं तर सोडाच, वेगवेगळ्या वाट्यांवरच ते अडले. "एका पंगतीत तिले वेगळं अन् याले वेगळं? तुह्या सासूनं असं कधी केलं नाही." मी म्हटलं, "सासूबाईंच्या वेळी हिला दाढा होत्या!" मी पाकिटातलं खाणं आणलं. पिल्लानं फस्त केलं, बोक्यानं पिल्लाचंही केलं, म्हातारीनं तोंड फिरवलं. गुरुवारी तिनं पाणीसुद्धा जेमतेम घेतलं. शुक्रवारी खाटेवर चढता येईना, मामाजींनी उचलून ठेवली. वर्गात फळ्यावर मी काय लिहून राहिले तेच मला कळेना. 

शनिवारी मामाजी पहाटेच्या बसनं जामसांवलीला गेले. दुपारी आले ते कपाळाला शेंदूर आणि धोतराच्या सोग्यात काहीतरी जपून धरलेलं. अंगणातच उभे राहिले. हळूच सोगा सोडला. दोन अंडी!

"बसस्टँडवर घेतली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कोणी पाहिलं नाही. त्याच्याआधी मारुतीसमोर उभा राहिलो, सगळं सांगितलं. म्हटलं, पाप असन तं माह्या नावावर लिही, मांजरीले काहून उपाशी मारू?"

"मग?"

"नाही तं म्हटलं नाही त्यानं."

अंगणात तीन विटा मांडल्या, जुनं पातेलं काढलं, ते कायमचं अंगणातलंच झालं. मामाजींनी अंडं स्वतः सोललं, आयुष्यात पहिल्यांदा, अर्धा पांढरा भाग टरफलाबरोबर गेला. कोमट पाण्यात बोटांनी चेचून म्हातारीच्या नाकाशी धरलं. तिनं हुंगलं. चाटलं. मग त्यांचं बोटच धरून बसली. मी पदरानं डोळे पुसले आणि धुराला शिव्या घातल्या. मामाजी त्यानंतर थंड पाण्यानं अंघोळ करून आले, दात वाजत होते, पण काय खूश!

महिन्याभरात म्हातारी आपल्या पायांनी खाटेवर चढायला लागली. पिल्लू उंच झालं. तिघांची तीन ताटं, ज्याच्या त्याच्या वेळेला. फक्त बोका तसाच गोल. मोजून घालूनही तसाच! मी म्हटलं, आता पाहतेच.

एके सकाळी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. मामाजींनी पोळीचा घास वरणात बुडवला, तोंडात घोळवला, हळूच काढला आणि पाटाखाली सरकवला. बोका तयारच होता. उरलेली अर्धी पोळीही तिकडेच गेली.

"मामाजी!" मी कडाडले. "डॉक्टर काय म्हणाले होते? एक घास नाही! तुमच्या लाडानं मरेल तो!"

ते पोरासारखे दचकले. मान खाली घालून म्हणाले, "लाड नाही बाई. मले चावतच नाही. दाढा हालून राहिल्या, पोळ्यापासनं. अन्न टाकून कसं द्याव?"

पोळा होऊन पाच महिने झाले होते. पाच महिने मी त्यांच्या ताटात तीन पोळ्या वाढत होते, ताट साफ दिसलं की खूश होत होते. सदरा ढगळ झाला तर मीच टेलरकडून आत घेऊन आणला होता.

"सांगितलं काहून नाही?"

"पंगतीत एकट्यासाठी वेगळं कसं मागू?"

मांजरीचं तोंड उघडून टॉर्च मारलेला पाहिला मी. या माणसाच्या समोर रोज बसून जेवत होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांना मऊ खिचडी वाढली, घोटलेली, वर तूप. त्यांनी आधी ह्यांच्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्या, मग स्वतःच्या.

"हे चालते पंगतीत?"

"चालते," मी म्हटलं. "जेवा आता, थंड होऊन राहिली."