टाच जिथल्या तिथे

महाविद्यालयात भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर, साठी उलटताना, मी संगणकावरचे खेळ तयार करायला शिकू लागले ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती चित्रकलेची शिक्षिका होती. माझ्याहून थोडी मोठी आणि चारचौघांत बोलताना कधीही न अडखळणारी. गंगापूर रोडवर हे खेळ शिकवणारा एक वर्ग होता. त्यात तिने स्वतःबरोबर माझेही नाव परस्पर घातले. "ताई, मला नाही जमायचं," म्हटले, तर म्हणाली, "तू नुसती शेजारी बस गं. बोलायचं काम माझं."

आमच्या खेळात पेठ तालुक्याकडच्या बोहाड्यातला, म्हणजे देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवातला, मुखवटा घातलेला नर्तक होता. ताई त्याची चित्रे काढी. ती एकापाठोपाठ एक दाखवली की तो नाचे. परंतु प्रत्येक चित्राचा आकार निराळा: हात पसरले की रुंद, गुडघे वाकले की बुटके. त्यांची जुळणी माझ्याकडे आली. मी आयुष्यभर नकाशे एका प्रमाणात आणायला शिकवलेली बाई. सगळी चित्रे ताणून मी एकाच मापाची करून टाकली. शिकवणारा तरुण पडद्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, तुमचा नर्तक दर पावलाला जेवून येतोय का?" वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

मग त्याने समजावले. चित्र ताणायचे नाही. प्रत्येकासाठी सारख्याच मापाची मोकळी चौकट घ्यायची आणि चित्र तिच्यात असे ठेवायचे, की एक ठरलेला बिंदू सर्व चौकटींत एकाच जागी पडेल. मी उजवी टाच निवडली. तरीही नर्तक मध्येच घसरे. तेव्हा पेठला नोकरीत असताना पाहिलेला बोहाडा मी आठवून पाहिला. संबळाच्या ठोक्यावर जड मुखवट्याचा सगळा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. मी मात्र उजवीच टाच धरून बसले होते, ती हवेत असतानासुद्धा. ज्या पायावर भार, त्याची टाच जमिनीला खिळवली. भार बदलताना, दोन्ही पाय टेकलेल्या चित्रापासून, दुसरी टाच धरली. आता तो खरोखर जमिनीवर नाचू लागला.

"पहिल्या पडद्यावर आपली दोघींची नावं," ताई म्हणाली. मी जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके शिकवली होती. माझे नाव असलेले असे काहीतरी आपल्या हातून व्हावे, ही इच्छा मी तोवर स्वतःशीही बोलले नव्हते.

सादरीकरणाच्या दिवशी पडदा उजळला. नाव एकच होते.

मला वाटले, दुसरे मागाहून उमटेल. नर्तक नाचू लागला तरी मी वाट पाहत होते. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारले, "पाय इतके स्थिर कसे ठेवलेत?"

"ते होय? ते संगणकच करतो," ताई हसून म्हणाली. "ही माझी बहीण चित्रं चिकटवत बसायची. तेवढाच तिचा वेळ जातो."

लहान मुलाकडे पाहावे तसे सगळे माझ्याकडे कौतुकाने वळले. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचे मला आजही नवल वाटते.

परतताना रिक्षात मी विचारले, "ताई, माझं नाव?"

"अगं, नाव असतं तर तुला पुढे बोलावलं असतं. तू तत-पप केलं असतंस. वाचवलं मी तुला." हे तिने इतक्या मायेने सांगितले, की रागवायलाही जागा उरली नाही.

काही दिवसांनी दुसऱ्या नर्तकाची चित्रे फोनवर आली. सोबत निरोप: "नेहमीसारखं लाव गं." मी चित्रे पाहिली, फोन पालथा ठेवला आणि तिच्या घरी गेले.

"माझं नाव असेल तरच लावीन," मी दारातून म्हणाले. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झाले.

"एवढं लागलं तुला? आत ये, चहा टाकते."

"आधी सांग."

तिने माझ्याकडे क्षणभर परक्यासारखे पाहिले. "बघू," म्हणाली आणि आत गेली.

आमच्या आजोळी 'बघू' म्हणजे 'नाही', हे आम्हां दोघींनाही लहानपणापासून ठाऊक आहे. मी चपला काढल्याच नव्हत्या.