नाळेवरची बाई

मंडईमागच्या बोळात चाळीस वर्षं देव्हारे आणि लाकडी मूर्ती घडवणारे रंगराव गेले आठ महिने घरीच बसून होते. यंत्रावर कोरलेले देव्हारे बाजारात आले, मालकाने कारखाना बंद केला, आणि इतकी वर्षं लाकडातली गाठ शोधणारी रंगरावांची नजर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये फिरू लागली. दार चौकटीत बसत नाही, मांडणीतले डबे रांगेत नाहीत. पोळी गोल नाही म्हणून एकदा त्यांनी कंपास आणून देऊ का, असं विचारलं, तेव्हा सत्यशीलाबाईंनी मुकाट्याने लाटणंच त्यांच्यापुढे ठेवलं. नवऱ्यावर त्यांचा राग नव्हता. पण हा माणूस असाच बसून राहिला तर एक दिवस लाकूडच होईल, ही धास्ती त्यांनी घेतली होती.

म्हणून सुनेने, नम्रताने, ते काम आणलं तेव्हा त्यांनाच जास्त आनंद झाला. नम्रता हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीची नवी इमारत जहाजासारखी बांधली होती आणि स्वागतकक्षात जहाजाचं पुढचं टोक भिंतीतून बाहेर आलं होतं. त्या टोकाला, म्हणजे नाळेला, जुन्या शिडाच्या जहाजांवर असायची तशी लाकडी बाई हवी होती. नाळ म्हटल्यावर सत्यशीलाबाईंना आधी बाळंतपणच आठवलं. सजावटीचं काम बघणाऱ्या पूर्णिमाला नम्रताने ठासून सांगितलं होतं, की माझे सासरे करतील.

इंटरनेटवरून छापून आणलेले कागद नम्रता रंगरावांना वाचून दाखवू लागली. जहाजाला वाट दिसावी म्हणून पूर्वी नाळेवर डोळे रंगवत. पुढे सिंह आले, हंस आले, मग बायका आल्या. खरी बाई जहाजावर आली तर खलाशी अपशकुन मानत, पण लाकडी बाई समोर असली की समुद्र शांत होतो असं म्हणत. चित्रांतल्या बऱ्याच बायकांच्या अंगावर वरून काही नव्हतं. रंगरावांनी ते कागद पालथे घातले.

"मग बंद का झालं हे?" त्यांनी विचारलं.

"लोखंडी जहाजं आली, बाबा."

"म्हणजे त्यांचीही दुकानं गेली," रंगराव म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी शिवणीचं लाकूड बघायला बाहेर पडले.

दोन महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम चाललं. 'भुसा पाडणाऱ्यांनी तो स्वतःच्या घरी न्यावा' अशी पाटी लागली. सत्यशीलाबाई रोज संध्याकाळी खाली जाऊन झाडून येत. बाई नऊवारीत उभी राहिली, खांद्यांवरून पदर, चेहऱ्यावर माया. सगळ्यात शेवटी रंगरावांनी तिचे डोळे कोरून उघडले. त्यांच्या गुरूची शिस्त होती, एकदा डोळे उघडले की मूर्तीला पुन्हा पटाशी लावायची नाही.

उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना बाई हिंजवडीला गेली. दोघं नवराबायको बघायला गेले. सुतारांनी तिला नाळेवर बसवलं. नाळ पुढे झुकलेली, म्हणून बाईही झुकली. देव्हाऱ्यातली देवी समोर बसलेल्या भक्ताकडे बघते, तशी रंगरावांनी तिची नजर किंचित खाली ठेवली होती. आता ती थेट फरशीकडे बघत होती, कानातलं पडल्यासारखी.

पूर्णिमा अदबीने म्हणाली, की चेहरा थोडा वर कोरता आला तर बरं, नाहीतर मुंबईहून फायबरची तयार मागवावी लागेल. शेजारी उभ्या नम्रताचा चेहरा उतरला. रंगराव म्हणाले, "डोळे उघडलेत. आता तिला हत्यार लावणार नाही." आणि ते कोपऱ्यातल्या सोफ्यावर जाऊन बसले, घरी बसत तसेच, गुडघ्यांवर हात ठेवून.

ते बसणं बघून सत्यशीलाबाई तडक बाईच्या बाजूला गेल्या. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, मग नवऱ्यापाशी आल्या.

"अहो, चेहऱ्याला कशाला हात लावायचा? पायाकडून पुढे घ्या तिला. म्हणजे सरळ होईल."

"मागे हातभर फट पडेल."

"मग पाचर मारा."

"पाचर दिसेल."

"दिसू दे की. पदर म्हणायचं तिला. एवढ्या वाऱ्यात काय पिनांनी बसवलाय तिचा पदर?"

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. मग उठून शिपायाकडे टेप मागितली.

पाच दिवस पार्किंगमध्ये पुन्हा भुसा पडला. सहाव्या दिवशी बाईच्या खांद्यांमागून निघालेला, खाली रुंद होत वाऱ्यावर फुगलेला पदर नाळेवर घट्ट बसला आणि बाई सरळ झाली. इतक्या उंचावरून तिची नजर आता बरोबर दारातून आत येणाऱ्यावर पडत होती. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तीन-चार पोरं बोलत बोलत आत आली आणि तिच्यासमोर येताच त्यांचे आवाज आपोआप खाली आले.

पूर्णिमा हसून म्हणाली, "राहू दे. हीच राहू दे." मग म्हणाली, की पलीकडच्या इमारतीच्या जिन्यावरही काहीतरी हवंय, आपण कराल का?

"आधी जिना दाखवा," रंगराव म्हणाले. "यापुढे उतार मोजल्याशिवाय लाकडाला हात लावणार नाही."

टेप घेऊन ते तिच्यामागून निघून गेले, बायकोला यायला सांगायचंही विसरले. सत्यशीलाबाई त्या मऊ सोफ्यावर पाय सोडून बसल्या. कोणीतरी पाणी विचारलं, तेव्हा त्यांनी चहाच मागितला.