आलुबुखाराची बी

रविवारी दुपारी सिंगापुरातल्या आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये पुरी-श्रीखंड किंवा मसालेभात असे काहीतरी जड असायचे, आणि त्याच दुपारी माझ्या घशात काहीतरी अडकायचे. गिळून खाली जात नसे, खाकरून वर येत नसे. जेवताना त्रास नाही, पाणी पिताना नाही. नुसता बसलो की आहेच. आधी अर्थात नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तज्ज्ञाकडे पाठवले. तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घालून सगळे पाहिले आणि घसा उत्तम असल्याचे सांगितले. ते ऐकून मला बरे वाटले. घशाला वाटले नाही.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. दोष सापडत नसेल तर एकेक गोष्ट वगळून बघायची, ही आमची पद्धत. एका रविवारी तळण वगळले. पुढच्या रविवारी दही. मग मिरची, मग कांदा. एका वेळी एकच, नाहीतर निष्कर्ष काढता येत नाही. कांदा वगळला त्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी मला वगळून बघा. मी लिटिल इंडियात डोसा खाऊन येते."

त्याऐवजी ती मला शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावर चिनी औषधांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिचा गुडघा तिथे बरा झाला होता. तो आपोआपही बरा झाला असता, असे माझे मत होते, पण ते मी गुडघा दुखत असतानाच सांगून बसलो होतो, त्यामुळे पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. बोलणे इंग्रजीत झाले. त्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "आलुबुखाराची बी."

मी आलुबुखार खात नाही, असे सांगितले.

"खायला नको. आमच्याकडे या दुखण्याचं नावच ते. बी नसतेच. बी अडकलीय असं वाटतं." मग त्यांनी समजावले. रागाने यकृत बिघडते, शोकाने फुप्फुस, भीतीने मूत्रपिंड, फार विचाराने पचन. भावना वाईट नाहीत, पण एकच भावना मुक्कामाला राहिली की शरीरातले ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, वाहायचे थांबते आणि साचते.

"‘ची’ कशात मोजतात?" मी विचारले.

"तुम्ही इंजिनिअर?"

"हो."

"मोजत नाहीत," त्या म्हणाल्या. "कधी वाढतं?"

"रविवारी दुपारी." आणि मी वगळलेल्या पदार्थांची हकिकत क्रमाने सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली. मग विचारले, "जेवणानंतर काय करता?"

"भावाला फोन. थोरला भाऊ. पुण्याला असतो."

"तो काय म्हणतो?"

"तो सांगतो. मी हो म्हणतो."

"आणि तुम्हाला काय म्हणायचं असतं?"

मी बायकोकडे पाहिले. बायको भिंतीवरचा मानवी शरीराचा तक्ता वाचत होती. तक्ता चिनी भाषेत होता.

म्हणायचे होते ते असे. आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची, इमारतीला लिफ्ट नाही. त्या वर्षी ती जिन्यात घसरून पडली. हाड मोडले नाही, पण दादाने शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. आईने मला वेगळा फोन करून सांगितले, "मला नाही जायचं. तू त्याला सांग. माझं ऐकायचा नाही तो." मी म्हणालो, "बघतो." वडील गेल्यापासून आमच्या घरात निर्णय दादा घेतो आणि मी मान डोलावतो. सिंगापूरला आल्यावर मी ती फोनवर डोलावू लागलो, एवढाच बदल. आईला इथे कायमचे ठेवता येईल असा पास मला मिळत नव्हता. भाजी आणि औषधे घेऊन ते जिने दादाच चढायचा. मग मी कोणत्या तोंडाने बोलणार?

डॉक्टरांनी भुकटीच्या पुड्या दिल्या. गरम पाण्यातून घ्यायच्या. आत काय काय आहे ते विचारले. त्यातली सुंठ तेवढी मला ओळखीची निघाली. दारातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "औषध बी सैल करेल. थुंकायची तुम्हालाच आहे."

त्या रविवारी दादा व्हिडिओवर आला. मागे वहिनी शेंगा सोलत होत्या. "तर ठरलं," दादा म्हणाला. "पुढच्या महिन्यात आईला तिकडे हलवू. खोली पूर्वेकडची मिळतेय."

"दादा, मला पटत नाही."

दादा स्थिर झाला. मग त्याने फोन हलवला. "नेटवर्क गेलं बहुतेक."

"नेटवर्क आहे. मला पटत नाही."

"हॅलो?"

माझी मुलगी सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "काका, ही सेज ही डझंट वाँट ला!"

आता दादाला ऐकू आले. "तिथं बसून तुला काय पटायचंय? जिने मी चढतो. तुला काय रे, दोन वर्षांनी येतोस, आंबे खातोस, जातोस."

हे खरे होते. मी तसे म्हणालो. पण आईला जायचे नाही, हेही म्हणालो.

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने."

"मला का नाही सांगितलं?"

शेंग सोलत वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चिडता म्हणून."

"मी चिडतो?" दादा इतक्या जोरात म्हणाला की आमच्याकडे फोनचा आवाज कमी करावा लागला.

पुढचे दोन-तीन रविवार फोन वहिनींनी केले. त्यांच्यामार्फत ठरत गेले: आईसोबत राहायला एक बाई ठेवायची, आणि मी दर चार महिन्यांनी रजा काढून यायचे, म्हणजे तेवढे दिवस दादाचे जिने सुटतील. आई घरातच राहिली.

माझा घसा त्या सुमारास मोकळा झाला. पुड्यांमुळे की बोलण्यामुळे, ते मी सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केले. तपासणीची पद्धत म्हणून हे साफ चूक आहे. डॉक्टरांना मी हे कळवले. त्या म्हणाल्या, "बरं झालं ना?" आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

पहिल्या रजेत पुण्याला गेलो तेव्हा दादा विमानतळावर आला होता. गाडीत तो फक्त रस्त्याबद्दल बोलला. इमारतीखाली माझी बॅग त्याने उचलली, ती मी ओढून घेतली. दुसऱ्या मजल्यावर दोघेही थांबलो.

"ती जागा खरंच चांगली होती," तो म्हणाला. "झाडं होती. वाचनालय होतं. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं."

"असेल."

"बुकिंग रद्द नाही केलं मी. माझ्या नावावर करून ठेवलंय. पुढेमागे."

"वहिनींना माहीत आहे?"

"नाही. तूही बोलू नकोस."

वरच्या मजल्यावर दार उघडले. वहिनी कठड्यावरून वाकून पाहत होत्या. "भाऊजी, आई कधीची ताटं मांडून बसलीय. इतका वेळ जिन्यात काय करताय दोघं?"

"दम खातोय," दादा म्हणाला. मी बॅग उचलली आणि त्याच्या मागून चढू लागलो.