बहिणीच्या गावचा रस्ता

आमच्या रिठदच्या जानरावला कोणी रस्ता विचारला की तो आधी मोबाईल काढतो. अरे बाबा, समोर मारुतीचं देऊळ दिसून राह्यलं, हात दाखव ना! पण नाही. मॅप लावणार, त्यातला बाण कुठं फिरतो ते पाहणार, मग तोंड उघडणार. गाडी घेतल्यापासून ही खोड. वाशीमला बाजाराला जायचं तरी मोबाईल समोर अडकवायचा आणि त्यातली बाई हिंदीत डावं-उजवं सांगत राहायची. जन्म गेला या सडकेवर, पण बाईनं सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही. मी शेजारी पडलो, मला सगळं पाहावं लागतं.

माणूस चांगला आहे, असं गाव म्हणतं. मी म्हणत नाही. दारू पीत नाही, शेती टापटीप, कोणाच्याही लग्नात वाढायला सगळ्यात पुढं. पण सख्खी बहीण एकच, विजयमाला, किन्हीराजाच्या पुढं आतल्या एका खेड्यात दिलेली. बाप गेल्यावर वावरात तिचाही हिस्सा निघत होता. ती आली, हक्कसोडीवर सही करून मोकळी झाली. कोणी चहा घे म्हटलं, तोही घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाली, "भाऊ, मले वावर नको. दिवाळीले न्यायले येत जाय, बस."

एका दिवाळीला हा गेला. मग सोयाबीन आडवं आलं, मग पोरीचं अॅडमिशन, मग काय अन् काय. विजयमाला राखी पोस्टानं पाठवायची. हा ती पोरीच्या हातून बांधून घ्यायचा आणि फोटो पाठवून द्यायचा. झालं भावाचं कर्तव्य! वा रे वा!

यंदा भादव्यात सकाळीच भाचीचा, योगिनीचा फोन आला. विजयमाला गेली होती.

आपल्याकडं बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. योगिनी रडत तेच सांगत होती. "मामा, लवकर या. तुमच्यासाठी थांबून राह्यलो आमी. दिवस बुडायच्या आत उचला लागते." जानरावनं वाशीमच्या दुकानातून हिरवी साडी घेतली, मला सोबत घेतलं, आणि गाडीत बसल्या बसल्या बहिणीच्या गावाचं नाव मोबाईलमध्ये घातलं. मयताला निघालेल्या माणसाला काय बोलायचं?

किन्हीराजा मागं पडलं आणि पुढं दोन वाटा फुटल्या. बाई म्हणाली, उजवीकडं. उजवीकडं तर पांदण होती, बैलगाडीची. हंगामात ट्रॅक्टर जातात, म्हणून मॅपला तो रस्ता वाटला असेल.

"जानराव, थांब. थ्या पानटपरीवर इचारू."

"काही गरज नाही."

"काहून? एका शब्दाचं काम हाये."

जानराव एकदम भडकला. "बहिनीच्या गावचा रस्ता लोकाइले इचारू का? सारे तिच्या वळखीचे असतीन इथं. काय म्हनतीन? भाऊ हाये का कोन हाये?"

आता सांगा! लाज कशाची, तर विचारायची. इतकी वर्षं गेला नाही त्याची नाही. मोबाईल कोणाला जाऊन सांगत नाही, म्हणून तो बरा. गाडी पांदणीत घातलीच त्यानं.

थोडं पुढं गेलो आणि काळ्या मातीनं चाकं धरली. जितका एक्सिलेटर दाबावा तितकी गाडी खाली बसे. बाई आपली सांगतच होती, सीधे चलते रहिए. तेवढ्यात योगिनीचा फोन. "मामा, कुठसाक आले?" हा म्हणतो, "आलोच. पंधरा मिनिटं दाखवून राह्यलं." चिखलात उभा राहून हे बोलतो! अर्ध्या तासानं पुन्हा फोन आला, पुन्हा पंधरा मिनिटं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चपला हातात घेतल्या, शेतं तुडवत गेलो आणि एकाचा ट्रॅक्टर घेऊन आलो. गाडी मागं ओढून सडकेवर काढली, तोवर ऊन पिवळं पडलं होतं.

गावात शिरलो तर माणसं मसनवट्यातून परत येत होती, डोक्यावरून ओले पंचे घेतलेले. जानराव साडीची पिशवी छातीशी धरून तसाच अंगणात उभा राहिला. ओट्यावर आमच्याच रिठदचा फय्याज बसला होता. तो गाडीवर कापडाचे गठ्ठे घेऊन खेड्यापाड्यांत विकत फिरतो.

आम्ही पोचलो नव्हतो आणि दिवस कलला, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं होतं, माहेरचं कोणी आहे का इथं? फय्याज उठला. गठ्ठ्यातली साडी काढून त्यानं विजयमालाच्या अंगावर घातली. रिठदचा आहे ना, मग भाऊच, असं सगळ्यांनी मानलं. त्यानंच हे आम्हाला सांगितलं, मान खाली घालून, त्याचाच काही गुन्हा असल्यासारखं.

"योगिनी," जानराव म्हणाला, "म्या तं टाइमावरच निघालो होतो वं. मॅपनं घोटाळा केला. थ्या दोन वाटा फुटते ना..."

"हाव, मालूम हाये." योगिनीचे डोळे कोरडे होते. "आई दर दिवाळीले थ्याच जागी जाऊन उभी राहे. म्हने, माह्या भाऊले रस्ता कळनार नाही, चुकीच्या वाटीनं जाईन. अंधार पडला का मी जाऊन घरी आनो तिले."

जानराव तिथंच मातीत बसला. लोक माझ्याकडं पाहत होते, याला उठवा म्हणून. मी नाही उठवलं.