जबाब माझ्या शब्दांत

"कपड्यांत ओळखूच येत नाहीस गं," डॉक्टर म्हणाले.

केबिनचं दार उघडं होतं. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. एक म्हातारी, एक बाई तिच्या मुलीला घेऊन, दोन पुरुष. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांची बायको, तीही डॉक्टर, शेजारच्या खुर्चीत होती. तिने हातातली फाईल आणखी जवळ धरली आणि वाचत राहिली.

डॉक्टरांनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. "उद्यापासून येऊ नकोस. आमच्याकडे फॅमिली पेशंट येतात."

नौपाड्यातल्या त्या क्लिनिकमध्ये मी चार वर्षं रिसेप्शनला होते. तुमच्या मोबाईलमध्ये मी कशी आले, एवढं तरी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. बाहेर आले, पुढचा नंबर पुकारला, म्हातारीला हात धरून आत सोडलं, मग पर्स उचलली. नंबर पुकारला! त्याची मला आजही जास्त चीड येते.

काय होतं ते सरळ सांगते. मी एका अॅपवर काम करायचे. कॅमेऱ्यासमोर. माणसं पैसे भरायची, बोलायची, बघायची. क्लिनिकची ड्युटी संध्याकाळची, आई सकाळीच एका हॉस्टेलला स्वयंपाकाला जायची. कल्याण पूर्वेतल्या चाळीतली आमची खोली दहा ते एक रिकामी. सकाळी अकरा वाजता कोण येतं, असं वाटेल. ऑफिसातली माणसं येतात. मागे एसीचा आवाज असतो. मध्येच कोणी दार वाजवलं की "येस, कम इन" म्हणून मला बंद करतात.

मला कोणी यात ढकललं नाही. नवरा सोडून मी आईकडे आलेली. पगारात भागत नव्हतं. मैत्रिणीने अॅप दाखवलं, मी महिनाभर विचार केला आणि सुरू केलं. आवडायचं? नाही. किळस यायची? रोज नाही. एक जण होता, तो माझ्या जातीवरून घाण बोलून मजा घ्यायचा. मी त्याला ब्लॉक केलं. अॅपवाल्यांनी त्याला परत सोडलं, चांगलं गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा मी स्वतंत्र होते असं कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही.

पण रेकॉर्ड करायचं नाही, ही माझी अट होती. प्रत्येकाला पहिल्यांदा सांगायचे. कोणीतरी केलं.

क्लिनिकमधून निघाले तर स्टेशनकडे पायच वळेनात. तिथे सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून उभे असतात. प्रत्येकाच्या हातात मीच असेन असं वाटायला लागलं. खोपटच्या एसटी डेपोपर्यंत चालत गेले आणि कल्याणची एसटी धरली. शेजारच्या बाईने फोन काढला तशी मी उठून उभी राहिले. कल्याणपर्यंत उभीच.

आईला मीच सांगितलं. बाहेरून कळण्याआधी. ती मेथी निवडत होती. ऐकलं, पण हात थांबले नाहीत. जुडी संपवली. मग म्हणाली, "माझी आजी गावात नाचायची. पाटलाचा सांगावा आला की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून तर गाव सोडलं आपण. देव सोडले. आणि तू परत तेच?"

"तेच नाही आई. तिला नाही म्हणता येत नव्हतं. मी बटण दाबून बंद करू शकते."

"मग दाब की. तो डॉक्टरकडं गेलाय ना व्हिडिओ? दाब बटण. कर बंद."

मी निवडलेली मेथी उचलून धुवायला घेतली. 

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. क्लिनिकमध्ये औषधांची सॅम्पल घेऊन यायचा तो माणूस. मी त्याला कितीदा पाणी दिलेलं. त्याने लिहिलं, "मॅडम, तुमचा व्हिडिओ बघितला. प्रायव्हेटमध्ये जमेल का?"

 मी विचारलं, "कुठून मिळाला?"

"तुमच्या डॉक्टरांनीच पाठवला."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे मला बघून ज्याने फॅमिली पेशंटची काळजी केली, त्यानेच मला लोकांत वाटून टाकलं होतं. प्रसादासारखं. बघणाऱ्याची खुर्ची शाबूत, वाटणाऱ्याची क्लिनिकवरची पाटी शाबूत, आणि बाहेर कोण? मी. आतापर्यंत मी तोंड लपवत होते. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, लपवायचं त्याने. मी स्क्रीनशॉट काढला.

डोंबिवलीत एक मॅडम आहेत, निवृत्त प्राध्यापिका. बायकांची संस्था चालवतात. कॉलेजात असताना मी त्यांचं भाषण ऐकलेलं. बाईचं शरीर बाईचं, असं म्हणालेल्या. त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग आत जाऊन तक्रार टाइप करून आणली. मी वाचली. "गरिबीचा गैरफायदा घेऊन मला फूस लावण्यात आली. मी काय करत आहे याची मला जाणीव नव्हती."

"मॅडम, हे खोटं आहे. मला जाणीव होती."

"तुला वाटतं तसं. तू पीडित आहेस हे तुला कळू न देणं, हेच तर या व्यवस्थेचं कसब."

"गुन्हा वेगळा आहे, मॅडम. मला न विचारता रेकॉर्ड केलं. डॉक्टरांनी न विचारता पुढे पाठवलं."

"असं लिहिलंस तर तुझ्या बाजूने कोण उभं राहील? आणि तुमच्या समाजातल्या मुली आत्ता कुठे शिकून पुढे येतायत. त्यांच्यापुढे काय आदर्श ठेवणार? बाळा, शरीर विकायचं नसतं."

तेवढ्यात त्यांची कामवाली फरशी पुसत आमच्यापर्यंत आली. "पाय घ्या वर," म्हणाली. मॅडमनी तिच्याकडे न बघता पाय वर घेतले. त्या बाईला उठताना कंबर धरावी लागली.

मी म्हटलं, "मॅडम, ही कंबर कोणाची?"

मॅडमना कळलं नाही. बाईला कळलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बादली उचलून आत गेली.

मी तो कागद उलटा केला. पेन मागितलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. मी अमुक अमुक. मी हे काम स्वतःच्या मर्जीने करत होते. रेकॉर्ड करायची परवानगी मी कोणालाही दिली नव्हती. दाखवायची तर नाहीच.

मॅडमनी चष्मा लावून वाचलं. "याला संस्थेचं नाव जोडता येणार नाही."

"नको जोडू," मी म्हटलं. अहो-जाहो विसरले. मुद्दाम नाही. पण नंतर सुधारलंही नाही.

पोलीस स्टेशनला आई आली. मी बोलावलं नव्हतं. बाकावर माझ्याशेजारी बसली, मध्ये एक जागा सोडून. म्हणाली, "तुझं काम मला पटलेलं नाही. पटणारही नाही." एवढंच.

हवालदार बाईंनी कागद वाचला. "असली कामं करता आणि वर तक्रार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "हे मर्जीचं वाक्य काढ. केस मजबूत होईल. आणि डॉक्टरचं नाव कशाला? मोठा माणूस आहे."

मी स्क्रीनशॉट पुढे ठेवला. मर्जीचं वाक्य ठेवा म्हटलं. नाव पण ठेवा. चार तास बसले. तीनदा कच्चा जबाब लिहिला गेला, तीनदा त्यात "फसवून" आलं, तीनदा मी सही केली नाही. चौथ्यांदा नव्हतं. तेव्हा केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझं आडनाव वाचलं की आमची जात लोकांना लगेच कळते. कळू दे.

व्हिडिओ अजून फिरतोय. ज्याने रेकॉर्ड केलं तो सापडलेला नाही. क्लिनिक चालू आहे. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. मी ते काम सोडलं की नाही, हे लोक विचारतात. सांगत नाही. ते मी ठरवेन, कोणाच्या माफीसाठी नाही.

केस उभी राहिली तर मला पिंजऱ्यात बोलावतील. समोरचा वकील सगळ्यांसमोर विचारेल, "तुम्ही हे स्वतःच्या मर्जीने करत होता ना?" लोक माना वळवून बघतील. मी मान खाली घालणार नाही. हो म्हणेन. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. आणि डॉक्टरांकडे बोट दाखवून सांगेन, यांनी तो पुढे पाठवावा, याला मी हो म्हटलं नव्हतं.